जुन्या युरोपीय प्राणिचित्रांखाली ओळ लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की तपासायला आलेल्या लेखांत जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा हमखास सापडतो. चिलखत घातल्यासारखा, पाठीवर खांद्याशी एक जादा शिंगुली असलेला. आणि दरवर्षी त्याच्याखालची ओळ चुकीची असते.

एका अंकात तर मी प्रूफ तपासून दिल्यावर कुणीतरी घाईघाईत ओळ बदलली: ‘ड्यूररने गोव्यात पाहून काढलेला गेंडा, १५१३’. लेखात गोव्याचा उल्लेख होता, तेवढ्यावरून. गेंडा गोव्याहून गेला हे खरंच. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. ड्यूरर मात्र न्यूरेंबर्गला होता. लिस्बनहून आलेलं वर्णन आणि एक रेखाटन, एवढ्यावर त्याने हे वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र, केलं. पुढे तो गेंडा पोपला भेट म्हणून रवाना झाला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. ड्यूररने त्याला कधीच पाहिलं नाही.

१५१३ कुठून आलं? चित्राच्या वरच्या मजकुरातच ते साल चुकीचं छापलंय. गेंड्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, ड्यूररच्या सहीच्या चिन्हापाशी, १५१५ स्पष्ट आहे. दोन्ही आकडे एकाच कागदावर, हातभर अंतरसुद्धा नाही. भिंग लावून दोन मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं. त्याच अंकात गेंडा मजकुराकडे तोंड करून हवा म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं फिरवलं आणि अक्षरं उलटी दिसायला लागली तेव्हा वरचा मजकूरच कापून टाकला. पुरावाच कापला. याचा मला आजही राग येतो.

माझी सवय अशी: ओळ लिहिण्याआधी समासात पेन्सिलीने लिहायचं, चित्रकाराच्या हातात काय होतं? पत्र, कातडं की जिवंत प्राणी? उत्तर मिळेपर्यंत ‘पाहून काढलेलं’ हे शब्द लिहायचे नाहीत.

बिनपायांचे स्वर्गीय पक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) बघून चित्रकाराला हसू नका. न्यू गिनीकडून व्यापारात येणाऱ्या कातड्यांचे पाय आधीच काढलेले असत. समोर जे आलं ते त्याने काढलं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये एका जातीचं नावच ‘अपोडा’, म्हणजे बिनपायांचा, असं ठेवलं.

सगळे घरबसल्याच काढत, हेही लिहू नका. चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये स्वतः दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या अळ्या पाळून त्यांची फुलपाखरं होताना तिने चितारली.

हाताने रंगवलेल्या प्रतींतल्या रंगावरून जात ओळखू नका. रंग कित्येकदा नंतर भरलेले असतात.

आणि प्राण्यांची नसली तरी ‘होर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाची पानं कडेला कापू नका. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या या बारा खंडांत वनस्पतींच्या चित्रांवर लॅटिन, मल्याळम, अरबी यांच्या जोडीला कोकणी नावंही नागरी लिपीत आहेत. आपल्या वाचकाला वाचता येणारी तीच अक्षरं मांडणीत पहिल्यांदा उडतात.