ओढ्यांची नावं नोंदवायला निघण्यापूर्वी

ओढ्याची वाट उपग्रहाच्या चित्रावरून नंतरही आखता येते, नाव मात्र माणसांकडूनच मिळतं, आणि ते सांगणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. म्हणून तयारी माणसांपासून सुरू करा. गुरं राखणारे, काठाला शेत असणारे, मासे धरणारे, ओढ्यावर धुणं नेणाऱ्या बायका यांपैकी कोण कधी मोकळं असतं ते आधीच विचारून ठेवा. उगमाकडच्या आणि खालच्या, दोन्ही वस्त्यांतली माणसं हवीत, कारण एकाच ओढ्याला वर एक नाव आणि खाली दुसरं असतं. दोन्ही खरीच. कुठपासून कुठपर्यंत कोणतं चालतं, एवढं नेमकं विचारा.

प्रश्नही ठरवून घ्या. आपणच नाव सुचवलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘याला काय म्हणता?’ एवढं विचारून थांबावं. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार कागदावर सारखेच दिसतात.

नकाशा शक्यतो समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा घ्या आणि छापून न्या. या रेषांची टोकं चढाकडे वळलेली दिसतात तिथून पाणी उतरतं; तेवढे मार्ग पेन्सिलीने आखून ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, पॉवर बँक सोबत असू द्या. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण १ मीटर. फोनची चूक मात्र काही मीटरची असते, दाट झाडीत आणखी वाढते, म्हणून संगमावर जरा थांबूनच नोंद घ्या.

वहीत उगम, संगम, मोरी, बंधारा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, असे रकाने आखा. डावा-उजवा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरतो, हे सोबत्यांनाही सांगा. पावसाळा ओसरल्यावर, पाणी वाहतं असतानाच जा. वर पाऊस पडत असेल तर पात्रात उतरू नका, इथे कोरडं असलं तरी लोंढा येतो. शेतातून जायचं तर मालकाला विचारून.

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर टाकणार असाल तर रेषा प्रवाहाच्याच दिशेने काढा, हंगामी ओढ्याला तशी खूण द्या, आणि कंपन्यांच्या नकाशांवरून नावं उचलू नका. ज्याचं नाव कुणालाच सांगता आलं नाही त्याचा रकाना कोरा ठेवा आणि कुणाकुणाला विचारलं ते शेजारी लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला दुसऱ्यांना विचारता येईल.