उतार लागला की न्यूट्रल? घाटातल्या या चुका टाळा

कन्नडचा औट्रम घाट असो की बीडजवळचा मांजरसुंबा, एखादी जीप इंजिनाचा आवाज न करता शेजारून सुसाट निघून जातेच. ड्रायव्हरनं न्यूट्रल मारलेलं असतं. का? तर डिझेल वाचतं म्हणे.

वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या (इंजिनात इंधन मोजून सोडणाऱ्या) गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलेटर सोडला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जळतंच. शिवाय गाडीला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. क्लच दाबून उतरणंही त्यातलंच. चावीच बंद करणारे महाभाग तर वेगळेच: ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी उतरवा. चढायला जो लागला असता, तोच उतरायला. गाडी तरी पळतेय असं वाटलं तर एक खालचा. मात्र चौथ्यातून थेट पहिल्यात टाकू नका, इंजिनाच्या फेऱ्या भलत्या वाढून व्हॉल्व्ह वाकू शकतात. ऑटोमॅटिकला ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असतो, तो वापरा.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. मागच्या ट्रॉल्यांना बहुतेकदा ब्रेक नसतात, त्या ट्रॅक्टरला ढकलतात. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला जाल आणि तो पडलाच नाही, तर न्यूट्रलमध्येच अडकाल. म्हणून वरच खालचा गिअर टाका. दोन्ही ब्रेक पेडलं जोडणारी पट्टी लावा. शेतात वळायला सोडलेली ती तशीच राहते आणि रस्त्यावर एकच चाक धरतं.

जळका वास आला, पेडल खोल जायला लागलं? एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, जागा मिळताच थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. निवू द्या. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइल जुनं असण्याची शक्यता मोठी. ते हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरलेलं १५५ लाही उकळू शकतं. साधारण दोन वर्षांनी बदला.

आणि हो, नुसत्या गिअरवर वेग कमी केला की मागचा लाल दिवा लागत नाही. मागे कुणी चिकटून येत असेल तर ब्रेक पेडलला अधूनमधून हलका पाय लावा.