चित्र ऑनलाइन टाकताना आपला विभाग कसा ओळखावा

"बाई, नवशिक्यांत टाकू की मध्यममध्ये?" असा मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सोबत चित्राचा फोटो असतो. विचारणारी कधी माझी जुनी विद्यार्थिनी असते, कधी तिची मुलगी. वाईजवळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. आता निवृत्त झाले तरी हे शिकवणं सुटलेलं नाही, आणि सुटू नये असंच मला वाटतं. ऑनलाइन चित्रं दाखवायच्या पुष्कळ जागांवर नवशिके, मध्यम, प्रगत असे कप्पे असतात. नावं थोडी वेगळी असतील, पण अडचण सगळीकडे तीच: मी यातली नेमकी कुठली?

मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, "या चित्रात काय चुकलंय असं तुला वाटतं?" तिच्या उत्तरावरून विभाग कळतो. नुसत्या चित्रावरून तितका कळत नाही.

समजा, तुम्ही टेबलावर ठेवलेली पितळी कळशी काढली आहे. कळशीचं तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असतं, म्हणून तिथलं लंबवर्तुळ चपटं दिसतं. बूड आणखी खाली असतं, म्हणून तिथला वाक जास्त गोल असतो. पण टेबल सपाट आहे हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे हात बुडाशी सरळ रेघ मारून मोकळा होतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या कागदांवर ही सरळ रेघ मी दरवर्षी पाहिली आहे. आता तुमच्या कळशीचं बूड असंच सरळ आलं असेल आणि त्यात तुम्हाला काही खटकत नसेल, तर नवशिक्यांचा विभाग तुमचा. कळशी डुगडुगतेय, काहीतरी बिघडलंय हे जाणवतं पण नेमकं कुठे ते सापडत नाही, किंवा सापडलं तरी हाताला साधत नाही, अशी अवस्था असेल तर मध्यम. आणि बूड तुम्ही केव्हाच दुरुस्त केलं आहे, आता प्रश्न मागचं कापड गडद ठेवावं की उजळ, कळशी जरा डावीकडे सरकवली तर रचनेचा तोल सुधारेल का, असा असेल तर प्रगत विभागात जायला अजिबात संकोच करू नका.

एकाच चित्रावरून मात्र हे ठरवायचं नाही. शेवटची दहा चित्रं जमिनीवर मांडा. फोनमध्ये असतील तर एका अल्बममध्ये गोळा करा. सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत फसलेलं बाजूला ठेवा. उरलेल्या आठांत जे सारखं सारखं जमलेलं दिसतं, तेवढंच आज तुमच्या हातात आहे. एखाद्या दिवशी आभाळाचा ओल्या रंगाचा पसरट हात असा काही उतरतो की आपणच बघत राहतो. तो दिवस जपून ठेवावा, पण विभाग त्याच्यावरून निवडू नये.

आता एक गोष्ट खास चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींसाठी. "मी इंटरमिजिएट झालेय, अ श्रेणी होती, म्हणजे मी मध्यम ना?" असं पुष्कळजणी विचारतात. कला संचालनालयाच्या त्या परीक्षेबद्दल मला फार आदर आहे, माझी सगळी नोकरी तिच्या तयारीत गेली. पण परीक्षेच्या नावाचा आणि या विभागाच्या नावाचा एकमेकांशी संबंध नाही. मध्ये पंचवीस वर्षं ब्रश हातात नव्हता, तर पहिली तीन-चार चित्रं नवशिक्यांत दाखवा. डोळा शिकलेलं विसरत नाही, त्यामुळे तुम्ही लवकर वर जाल. हाताला मात्र तेवढा वेळ द्यायला हवा. त्या परीक्षेतून घेण्यासारखं दुसरंच काहीतरी आहे. तिथे समोर बघून काढायचं स्थिरचित्र, आठवून काढायचं स्मरणचित्र आणि मनाने रचायचं संकल्पचित्र अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. स्वतःलाही तशाच तपासा. यातली एकच जमत असेल तर ज्या प्रकारचं चित्र टाकताय त्याचा विचार करा. स्थिरचित्रासाठी मध्यम आणि आठवणीतल्या बाजाराच्या चित्रासाठी नवशिके, असं एकाच माणसाचं असू शकतं.

माध्यमाचंही तेच. हे मला पटायला स्वतःचा अनुभव यावा लागला. ११ बाय १५ इंचाच्या कागदावर जलरंगात मेणवलीचा नदीकाठचा घाट मी कितीदा रंगवला असेल याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर मुलाने टॅबलेट आणून दिला, तेव्हा पहिल्यांदा त्याच्यावर तोच घाट काढला आणि प्रगत विभागात टाकला. दोघांनी फार आस्थेने, लांबलचक लिहिलं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, शिवाय मास्क, ब्लेंड मोड, असे सगळे टॅबलेटवरच्या चित्रांचे शब्द. मला त्यातलं काही वापरता आलं नाही आणि त्यांचा वेळ वाया गेल्याचं वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात तेच चित्र नवशिक्यांत टाकलं आणि एकच विचारलं, "पाण्यातलं पायऱ्यांचं प्रतिबिंब चिकटवल्यासारखं का दिसतंय?" उत्तर आलं: प्रतिबिंब वेगळ्या लेयरवर घ्या, थोडं पारदर्शक करा आणि त्यातला सर्वांत उजळ भाग जरा काळवंडू द्या. उजेड पाण्यात किंचित मंदावतो आणि काळोख किंचित उजळतो, हे मी मुलांना किती वर्षं सांगत होते. पण नव्या माध्यमात हात पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतो, आणि तसं करू देण्यात काही कमीपणा नाही.

फोटोवर चौकटी पाडून काढलेल्या पेन्सिल-व्यक्तिचित्रांबद्दल जरा स्पष्ट बोलते. केस न् केस उतरलेला असतो, छटा गुळगुळीत असते, लोक थक्क होतात. ही मेहनत खरी आहे. पण चौकटी काढून घेतल्या आणि समोर आजी बसवली, तर चेहऱ्याचं प्रमाण तुम्हाला साधेल का? साधत नसेल तर छटांसाठी मध्यम म्हणा, रेखाटनासाठी नवशिके. आणि फोटो कुणी काढलेला, चौकटी वापरल्या की ट्रेस केलं, हे चित्राखाली लिहा. व्हिडिओ बघून पायरीपायरीने केलेलं चित्र नवशिक्यांतच टाकावं, ज्यांचा व्हिडिओ त्यांचं नाव देऊन. नक्कल करून शिकणं ही जुनी, चांगली रीत आहे, फक्त ती नक्कल आहे हे सांगितलं पाहिजे.

शंका असेल तर खालचा विभाग घ्या, असं मी साधारणपणे सांगते. पण कौतुकासाठी खाली राहणं मला मनापासून खटकतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलाने, वय वर्षं बारा, आपलं पहिलं निसर्गचित्र टाकलं होतं. त्याच्या लगेच वर कुणीतरी उत्तम जलरंग टाकला होता, नवशिक्यांच्याच विभागात, खाली "माझा पहिलाच प्रयत्न" असं लिहून. त्याच व्यक्तीची तशीच कितीतरी चित्रं मागे होती. मुलाने तासाभरात स्वतःचं चित्र तिथून हटवलं आणि महिनाभर रंगांना हात लावला नाही. आपण चुकीच्या जागी बसलो की ती जागा ज्याची असते त्याला उठावं लागतं. म्हणून टाकण्याआधी आठवडाभर तो विभाग नुसता वाचा. तिथल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुम्हाला देता येत असतील तर ती उत्तरं द्या, आणि स्वतःचं चित्र वरच्या विभागात न्या.

लहान मुलांचं चित्र टाकताना शाळेचं आणि पूर्ण नाव झाका, एवढं पुरे.

विभाग ठरला की फोटो नीट घ्या. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर धरा, नाहीतर सरळ खांबसुद्धा तिरका दिसतो आणि लोक तुमच्या यथार्थदर्शनाला, म्हणजे पर्स्पेक्टिव्हला, दोष देतात. फिल्टर लावू नका. कागदाची कोरी कड फोटोत येऊ द्या, म्हणजे मूळ पांढरा कुठला ते बघणाऱ्याला समजतं. खाली माध्यम, कागदाचा आकार, लागलेला वेळ आणि समोर बघून की फोटोवरून, हे लिहा. मग एकच प्रश्न. "कसं वाटलं?" या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येतं. "डावीकडचं वडाचं झाड पुढे का येत नाही?" असं विचारलंत तर कुणीतरी थांबून झाडाकडे बघतं.

दोन दिवसांनी उत्तरं वाचा. सगळी "सुंदर" आणि फुलांची चिन्हं असतील तर प्रश्न मोघम होता किंवा विभाग तुमच्यासाठी सोपा आहे. अर्धे शब्द कळत नसतील तर पुढचं चित्र एक पायरी खाली टाका. आणि उद्या सकाळी करून बघता येईल अशी एक तरी सूचना मिळाली असेल, तर विभाग बरोबर निवडलात. तेच चित्र पुन्हा काढा, जुन्याच्या शेजारी ठेवून फोटो घ्या आणि ज्याने सूचना केली त्याला दाखवा.