म्हातारा, आजारी कुत्रा : शेवटचा निर्णय कधी आणि कसा घ्यायचा

कुत्र्याचा आजार आता बरा होणारा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात एकच प्रश्न घोळायला लागतो: दयामरण कधी द्यायचं? ‘वेळ आली की तोच सांगेल’ या आशेवर बरेच जण थांबतात. काही कुत्री खरंच सांगतात, अन्नपाणी सोडून कोपरा धरतात. पण पुष्कळ कुत्री शेवटपर्यंत दारात आलेल्याला शेपटी हलवून दाखवतात आणि दुखणं अंगावर काढतात. शिवाय रोज थोडं थोडं ढासळत जाणं रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून कुत्रा बऱ्यापैकी असतानाच मर्यादा ठरवा, त्या लिहून ठेवा आणि पुढे रोजच्या नोंदीवरून निर्णय घ्या.

आधी, हे खरंच शेवटचं दुखणं आहे का?

उतारवयातली काही दुखणी बघून अंत जवळ आला असं वाटतं, आणि तसं नसतं. सर्वांत फसवा असतो तो कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड. कुत्रा अचानक एका अंगावर कलंडतो, मान वाकडी होते, बुबुळं भराभर इकडून तिकडे हलतात, उलट्या होतात. बघणाऱ्याला अर्धांगवायूच वाटतो. यातली बरीच कुत्री 2-3 दिवसांत सावरायला लागतात आणि 2-3 आठवड्यांत पुन्हा नीट चालतात, मान थोडी कलती राहिली तरी. तेव्हा डॉक्टरांनी दुसरं गंभीर कारण नाही ना हे तपासलं असेल, तर मळमळीचं औषध द्या, पाणी तोंडाशी न्या, खाली न घसरणारी सतरंजी टाका आणि किमान 3 दिवस थांबा.

खाणं सोडलं की लोक सर्वांत जास्त घाबरतात. आधी तोंड उघडून बघायला लावा. किडलेला किंवा हलणारा दात हे साधं कारण अनेकदा निघतं. किडनीच्या आजारातला कुत्रा वाटीजवळ येतो, वास घेतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो आणि मागे फिरतो. त्याला भूक असते, पण मळमळ खाऊ देत नाही. मॅरोपिटँटसारख्या औषधाने ती थांबते, मिर्टाझपिनने भूक वाढते. अन्न कोमट करून दिलं तर वास सुटतो आणि काही घास जातात.

उठता येत नाही म्हणून निर्णयापर्यंत आलेल्या कुत्र्याला कधी वेदनाशामकच नीट मिळालेलं नाही, असंही होतं. डॉक्टरांना रक्ततपासणी करून मेलॉक्झिकॅम किंवा कार्प्रोफेन, गरज पडल्यास सोबत गॅबापेंटिन, असं 2 आठवडे देऊन बघता येईल का ते विचारा. तारीख आधीच ठरवा. त्या दिवशी फरक पडला की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असं मिळालं पाहिजे. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. स्टेरॉइड चालू असताना वर मेलॉक्झिकॅमही देऊ नका, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी शी दिसली तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा.

दुखणं कसं दिसतं

कण्हण्या-ओरडण्याची वाट बघू नका, तोवर फार उशीर झालेला असतो. रात्री दिवे मालवल्यावर अर्धा तास नुसतं बघत बसा. दुखणारा कुत्रा गोल फिरतो, बसतो, पुन्हा उठतो, जागा बदलतो, पण आडवा पडत नाही. हवा गार असूनही धापा टाकतो. मागचे पाय थरथरतात. एकच सांधा चाटून चाटून तिथले केस गेलेले असतात. पाणी हवं असतं, पण मान खाली वाकवायची म्हणून भांड्यासमोर नुसता उभा राहतो. आणि चांगलं खातो म्हणून दुखत नाही असं समजू नका. खादाड कुत्रा हाडाचा कॅन्सर असतानाही वाटी चाटूनपुसून साफ करतो.

दर रविवारी त्याच जागी एक मिनिटाचा व्हिडिओ काढा: झोपलेला उठताना, चालताना, पुन्हा बसताना. चार आठवड्यांपूर्वीचा व्हिडिओ शेजारी लावून बघितला की बदल स्पष्ट दिसतो. डॉक्टरांनाही तोच दाखवा, कारण दवाखान्यात गेल्यावर घाबरलेला कुत्रा तात्पुरता ताठ चालतो.

मेंदू थकलेल्या कुत्र्याचं शरीर धड असू शकतं. तो कोपऱ्यात अडकतो, दार उघडतं त्याऐवजी बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहतो, दिवसा झोपतो आणि रात्रभर भुंकत फेऱ्या मारतो. औषधांनी काही दिवस सुधारतो. पण भेदरलेल्या रात्री एकामागून एक जात असतील तर तोही त्रासच आहे, तो हिशोबात धरा.

रोजची नोंद

अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये मांडलेली गुणपद्धत आजही उपयोगी पडते. सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे: वेदना (नीट श्वास घेता येणं यातच येतं), भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. 70 पैकी 35 च्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य, असा तिचा ढोबळ नियम. आमच्या मते नुसत्या बेरजेवर जाऊ नये. श्वास किंवा वेदनेला 2 गुण असतील तर बाकी सहा गोष्टींची बेरीज कितीही चांगली आली तरी तिला अर्थ नाही.

घरातल्या दोघांनी एकमेकांना न विचारता आठवड्यातून दोनदा गुण द्यावेत. ज्याचा जीव जास्त गुंतलेला असतो त्याचे गुण बहुतेक वेळा जास्त येतात, आणि तो फरकच घरात बोलणं सुरू करायला उपयोगी पडतो. याशिवाय कॅलेंडरवर रोज रात्री एकच खूण करा, दिवस चांगला की वाईट. सलग दोन आठवडे वाईट दिवस जास्त भरले तर डॉक्टरांची वेळ घ्या. कुत्र्याच्या पाच आवडत्या गोष्टीही आत्ताच लिहून ठेवा: गाडीत बसणं, चेंडू, गेटपाशी वाट बघणं, जे असेल ते. त्यातल्या तीन गेल्या की नोंदवही घेऊन बसायची वेळ झाली.

हृदयाचा आजार असेल तर झोपेतले श्वास रोज मोजा. 30 सेकंद छाती वर-खाली होताना मोजून दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला 30 च्या आत हवेत. पुन्हा पुन्हा मोजूनही 30 च्या वर येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता असते.

मर्यादा आधी ठरवा

डॉक्टरांना दोन प्रश्न सरळ विचारा. हा उपचार केला तर साधारण किती आठवडे मिळतील, आणि ते कसे जातील? आणि काहीच केलं नाही तर या आजारात शेवट कसा होतो? दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि वेळ ठरवायला तोच सर्वांत जास्त कामाचा आहे. सांधेदुखीत किंवा किडनीच्या आजारात उतार हळू असतो, विचाराला वेळ मिळतो. पोटातल्या प्लीहेवरची गाठ मात्र सकाळी फिरून आलेल्या कुत्र्यात दुपारी फुटू शकते, आणि थकलेलं हृदय मध्यरात्री फुप्फुसात पाणी भरतं. अशा आजारात ‘अजून एक चांगला आठवडा’ ताणण्याची किंमत घाबरलेल्या, गुदमरलेल्या शेवटाने मोजावी लागते. तिथे थोडं आधी थांबणंच कुत्र्यावर उपकार.

कागदावर लिहा: कोणतं ऑपरेशन करणार नाही, पुन्हा भरती करायचं का, खर्च कुठवर झेपेल, दोघांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि रात्री उघडा असलेला दवाखाना कोणता. खर्चाचा आकडा लिहिताना लाजू नका. तो आणीबाणीच्या टेबलापाशी ठरवणं जास्त वाईट.

काही वेळा वाट बघायचीच नसते. तोंड उघडं टाकून, मान लांबवून श्वास घेणं, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणं, पोट फुगून उलटीचे कोरडे उमाळे येणं, 5 मिनिटांत न थांबणारा आकडीचा झटका, जोर लावूनही लघवी न होणं: यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा.

‘झोपेत शांतपणे जाईल’ असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. तरी घरीच शेवटपर्यंत ठेवायचं ठरवलं, तर डॉक्टरांकडून वेदनेचं आणि मळमळीचं औषध घरात हवंच. जाड गादीवर दर 4 तासांनी कूस बदला, नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. लघवीने भिजलेली कातडी धुऊन कोरडी करा. गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दयामरणाचा दिवस

शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा, नाहीतर दवाखान्यात दिवसातली शांत वेळ मागा. घाबरट कुत्र्याला निघण्याआधी द्यायचं औषध विचारून ठेवा. गेल्या 10 दिवसांत तो कुणाला चावला असेल तर ते आधी सांगा, कारण रेबीजच्या दृष्टीने त्यावरून पुढचं सगळं बदलू शकतं. पैसे आणि सह्या आधीच उरकून घ्या, नंतर हात चालत नाहीत.

आधी गुंगीचं इंजेक्शन मागा, ते आपोआप मिळेलच असं धरू नका. 5 ते 15 मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. आधी थोडी मळमळ होऊ शकते. मग बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटल दिलं जातं. ते भूल देण्याचंच औषध आहे, फक्त मात्रा खूप मोठी. शुद्ध आधी जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय, बहुतेकदा एक-दोन मिनिटांत. रक्तदाब उतरलेला असेल तर शीर सापडायला वेळ लागतो, मग झोपलेल्या अवस्थेत पोटात इंजेक्शननेही औषध देतात आणि त्याला जास्त मिनिटं लागतात. नंतर डोळे उघडेच राहतात, लघवी-शी होऊ शकते, स्नायू फडफडतात, एखादा मोठा उसासाही येतो. आधी माहीत नसलं तर तो जिवंत आहे असंच वाटतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने ठोके थांबल्याचं सांगेपर्यंत थांबा. तुम्ही डोक्यापाशी बसा, पुढचे पाय डॉक्टरांना मोकळे सोडा.

मुलांना ‘गावाला गेला’ असं सांगू नका, ती महिनोन्‌महिने वाट बघतात. तो खूप आजारी होता आणि मेला, एवढं स्पष्ट सांगा.

शरीर काही तासांत ताठ होतं, म्हणून पाय आधीच दुमडून घ्या आणि मागच्या बाजूला पाणी शोषणारं कापड ठेवा. दहन करणार असाल तर रक्षा परत हवी का ते आधी सांगावं लागतं. पुरायची परवानगी असेल तर खड्डा किमान 3-4 फूट खोल घ्या, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर. पेंटोबार्बिटल शरीरात राहतं आणि उकरून खाणारे प्राणी-पक्षी त्याने मरतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला शरीराचा वास घेऊ द्या, मग काही दिवस त्याचं खाणं आणि फिरायच्या वेळा नेहमीच्याच ठेवा. उरलेल्या गोळ्या त्याला देऊ नका, दवाखान्यात परत करा.