खत, बियाणं, औषध: एकाच दुकानाच्या वेगवेगळ्या माल-याद्या सॉफ्टवेअरमध्ये कशा ठेवाव्यात

मृग तोंडावर आला की मोंढ्यातल्या खत-बियाण्याच्या दुकानात सकाळी आठपासून गर्दी असते. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा ‘सोयाबीन’ टाइप करतो आणि समोर ३४ नावं उभी राहतात. त्यातली पाच-सहा एकाच वाणाची. कुणी ‘एमएयूएस १५८’ लिहिलेलं, कुणी ‘सोया १५८’, कुणी नुसतंच ‘१५८ नवीन’. घाईत जे वर दिसेल त्याच्यावर बिल फाडलं जातं.

आमच्याकडे एका हंगामात युरियाची अशी दोन नावं झाली होती. जूनअखेर एकावर १६० बॅगा शिल्लक, दुसऱ्यावर उणे १४२. गोदामात जाऊन मोजल्या तर १८. हिशेब जुळत होता, चोरी नव्हती, पण एवढं कळायला रात्रीचे अकरा वाजले आणि तोवर गोदामाच्या गड्यावर उगाच संशय घेऊन झाला होता. त्यानंतर आम्ही याद्या नव्याने बसवल्या. ते कसं करायचं, ते इथे सांगतो. शब्द टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे वापरतोय, कारण आपल्याकडे बहुतेक दुकानांत तेच आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, रीत बदलणार नाही.

आधी ठरवा: वेगळी यादी हवी की वेगळी कंपनी?

टॅलीत ‘कंपनी’ म्हणजे हिशेबाची स्वतंत्र वही. ‘खताची वेगळी कंपनी उघड, औषधाची वेगळी’ हा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. शेतकरी एकाच खेपेत दोन बॅगा डीएपी, एक सोयाबीनची बॅग आणि तणनाशकाचा डबा नेतो. तीन कंपन्या केल्या की त्याची तीन बिलं होतात आणि उधारीही तीन खात्यांत वाटली जाते. सोयाबीन विकून तो पैसे द्यायला आला की तुम्ही तिन्ही कंपन्या उघडून बेरीज करत बसता.

वेगळी कंपनी फक्त तेव्हाच करायची, जेव्हा फर्म खरोखर वेगळी असते. आडत वडिलांच्या नावावर आणि कृषी सेवा केंद्र सुनेच्या नावावर, जीएसटी नंबर दोन, असं चित्र गावोगावी आहे. तिथे वह्या वेगळ्याच लागतात. जीएसटी नंबर एक असेल तर कंपनी एक, आणि तिच्या आत ग्रुप, म्हणजे मालाचे गट.

रेघ कुठे मारायची

कॉम्प्युटर बंद ठेवा आणि कागद घ्या. पहिली वाटणी माल बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे करू नका, परवान्याप्रमाणे करा. बियाण्याला १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश लागू होतो, खताला १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि औषधाला १९६८ चा कीटकनाशक कायदा. परवाने तीन, साठा नोंदवह्याही तीन. तपासणीला आलेला अधिकारी ‘अमुक कंपनीचा माल दाखवा’ असं क्वचितच म्हणतो, ‘खताचं साठा रजिस्टर दाखवा’ असंच म्हणतो. तुमचा सगळ्यात वरचा ग्रुप त्या रजिस्टरशी जुळला की अर्धं काम झालं.

चौथा ग्रुप ठिबक, पाइप, पंप यांचा. यांना असा परवाना लागत नाही, पण करात गोंधळ होतो.

पाचवा ग्रुप कुणाच्या लक्षात येत नाही: शेतकऱ्याकडून घेतलेला माल. लातूर-उदगीरकडे कितीतरी दुकानदार बियाणं विकतात आणि दिवाळीत तेच पीक विकतही घेतात. पेरणीच्या सोयाबीन बियाण्यावर कर नाही, बाजारात विकायच्या सोयाबीनवर ५ टक्के आहे. बियाणं बॅगेत जातं, माल क्विंटलवर. बियाण्याला छापील किंमत आहे, मालाला रोजचा भाव. हे दोन्ही ‘सोयाबीन’ एकाच नावाखाली गेले तर रिटर्न भरताना सीएसमोर कपाळाला हात लावायची वेळ येते.

ग्रुप बनवताना

इन्व्हेंटरी मास्टरमध्ये ‘स्टॉक ग्रुप’ उघडा आणि हे पाच मुख्य ग्रुप करा. ग्रुप करताना टॅली विचारतं, यातल्या मालाच्या नगांची बेरीज करायची का? खताच्या पोटग्रुपात सगळ्यांचं एकक एकच असेल तर ‘हो’ म्हणा. औषधाला ‘नाही’ म्हणा, कारण लिटर आणि ग्रॅमची बेरीज करून हाती काही लागत नाही.

खतात दोन पोटग्रुप हवेतच: अनुदानित आणि विनाअनुदानित. युरिया, डीएपी, १०:२६:२६ हे अनुदानित, ते पॉस मशीनवर (अनुदानित खताची विक्री नोंदवणारं यंत्र) शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विकायचे. १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतं त्याबाहेर. हे वेगळं असलं की अनुदानित ग्रुपची शिल्लक एका नजरेत पॉस मशीनशी ताडून बघता येते.

तिसरा पोटग्रुप मी स्वतःहून करतो, ‘लिंकिंग’ नावाचा. युरियाच्या गाडीसोबत गळ्यात मारलेला, कुणी न मागितलेला माल त्यात टाकायचा. अशी सक्ती नियमात बसत नाही, तरी ती होते हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षअखेर त्या पोटग्रुपकडे बघितलं की युरियाच्या नफ्यातला किती पैसा तिथे अडकलाय ते समजतं.

कराचा दर आणि एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड) शक्यतो ग्रुपवर भरा, म्हणजे खालच्या मालाला तो आपोआप लागतो. खत ५ टक्के, रासायनिक औषधं १८ टक्के. पण औषधात सरसकट १८ धरू नका. यादीतली काही जैविक कीटकनाशकं ५ टक्क्यांवर आहेत, त्यांचा पोटग्रुप वेगळा. ठिबकच्या नळ्या २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या, पीव्हीसी पाइप मात्र १८ वरच. ज्यांनी सगळं ‘पाइप’ म्हणून एकत्र ठेवलं होतं, त्यांना त्या आठवड्यात एकेक माल उघडून दर बदलावा लागला. आणि एक खोच आहे: एखाद्या मालावर कुणी आधीच स्वतंत्र दर भरून ठेवला असेल तर ग्रुपचा दर त्याला लागत नाही. असे माल शोधून त्यांचा दर पुन्हा ग्रुपवर सोपवा.

कंपनीप्रमाणे बघायचं असेल तर त्यासाठी ‘स्टॉक कॅटेगरी’ आहे. ग्रुप उभा, कॅटेगरी आडवी. कंपनीचा माणूस हिशेबाला आला की कॅटेगरी काढायची, अधिकारी आला की ग्रुप.

नाव ठेवणं

खरी मारामारी इथे आहे, म्हणून सवडीने करा. बियाण्याच्या नावाचा क्रम एकदाच ठरवायचा: पीक, वाण, कंपनी, वजन. ‘तूर बीडीएन ७११’, पुढे कंपनी, पुढे ‘२ किलो’. क्रम कोणताही चालेल, पण मोडायचा नाही. पीक पुढे ठेवलं की ‘तूर’ म्हणताच बदनापूर संशोधन केंद्राच्या ७११ आणि ७१६ सकट सगळ्या तुरी एकाखाली एक लागतात.

लिपीही एकच धरा. अर्धी नावं मराठीत आणि अर्धी इंग्रजीत असली की शोधताना अर्धीच सापडतात, आणि न सापडलेलं नाव काउंटरवरचा पोरगा नव्याने तयार करतो. आमचं दुसरं युरिया असंच जन्माला आलं होतं.

वजन वेगळं तर माल वेगळा. सोयाबीनची बॅग प्रत्येक कंपनीची ३० किलोचीच असते असं नाही. बीटी कापसाचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. डीएपीची बॅग ५० किलोची आणि युरियाची ४५ किलोची. जुन्या दुकानांत अजून युरियापुढे ‘५०’ लिहिलेलं सापडतं, त्यामुळे टनाचा हिशेब दर बॅगेला पाच किलोने चुकतो.

औषधाचं मुख्य नाव डब्यावरचं ठेवा, आणि ‘एलियास’मध्ये, म्हणजे पर्यायी नावात, आतला घटक लिहा, उदाहरणार्थ ‘इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी’. एका कंपनीचं संपलं तर तोच घटक असलेला दुसरा डबा लगेच सापडतो. अळी पडल्याच्या आठवड्यात याचं मोल कळतं. बियाण्याच्या एलियासमध्ये लोकांच्या तोंडातलं नाव टाका. सोयाबीनचं ‘केडीएस ७२६’ मागायला कुणी येत नाही, ‘संगम द्या’ म्हणतात.

बॅच कुठे, कुठे नाही

बियाणं आणि औषध या दोन ग्रुपमधल्या मालालाच बॅच, म्हणजे लॉट आणि मुदतीप्रमाणे वेगळी नोंद, सुरू करा. खताला सुरू केली की काउंटरवरचे लोक त्या रकान्यात ‘१’ ठोकत राहतात, आणि मग ती सवय बियाण्यातही लागते.

बियाण्याच्या बॅचमध्ये टॅगवरचा लॉट नंबर जसाच्या तसा हवा, मुदतीत टॅगवरची तारीख. प्रमाणित बियाण्याची मुदत उगवण चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते, म्हणून गेल्या खरिपाचा उरलेला लॉट या खरिपात चालेलच असं धरू नये. उगवण झाली नाही म्हणून तक्रार आली, तालुक्याची समिती पंचनाम्याला गेली, की पहिलं काय मागतात? पावती. तिच्यावर लॉट नंबर नसेल तर शेतकरीही अडकतो आणि तुम्हीही.

भावाची यादी ही मालाची यादी नव्हे

रोखीचा भाव वेगळा आणि खेड्यावरच्या छोट्या दुकानदाराचा वेगळा म्हणून लोक एकच माल दोनदा बनवतात. तसं करू नका. ‘प्राइस लेव्हल’ सुरू करा, ‘रोख’ आणि ‘दुकानदार’ अशा दोन पायऱ्या करा आणि भाव लागू होण्याची तारीख घाला. उधारीचा भाव छापील किमतीच्या वर चढणार नाही हे बघा. सॉफ्टवेअर अडवणार नाही, अडचणीत तुम्हीच याल.

जुनी घाण काढताना

हे काम एप्रिलमध्ये करा. ३१ मार्चचा साठा मोजलेला असतो, खरिपाची गाडी यायची असते. पहिल्यांदा बॅकअप घ्या, तो पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि पेनड्राइव्ह घरी न्या.

ज्या नावावर एकदा व्यवहार झालाय ते पुसता येत नाही. म्हणून दुहेरी नावांपैकी एक खरं ठरवायचं. शिल्लक शून्यावर आणायला ‘स्टॉक जर्नल’ करायचं: एका बाजूला जुनं नाव, दुसऱ्या बाजूला खरं. जुन्या नावावर उणे शिल्लक असेल तर बाजू उलट्या. बॅचचा माल असेल तर लॉट नंबर सांभाळून. मग जुन्या नावाच्या सुरुवातीला ‘झझ बंद’ लावा आणि ते ‘बंद माल’ ग्रुपात ढकला. ‘झझ’मुळे ती नावं यादीत खाली जातात आणि काउंटरवर कुणाच्या बोटाखाली येत नाहीत. दिवसाला वीस-पंचवीस नावं झाली तरी पुष्कळ आहे, एका रविवारात उरकायला जाऊ नका.

शेवटी अधिकार. नवीन माल तयार करायची परवानगी एकाच माणसाच्या लॉगिनला ठेवा. काउंटरवरच्यांनी फक्त बिल करायचं. नवा माल आला की त्याचं बिल आणि टॅग त्या माणसाच्या टेबलावर, आणि नाव तयार झाल्याशिवाय गाडीतला माल गोदामात उतरवायचा नाही. पहिले आठ दिवस हमाल कुरकुर करतील, गाडीवालाही करेल.

दर शनिवारी दुकान बंद करायच्या आधी अनुदानित खताचा ग्रुप उघडायचा, पॉस मशीनचा आकडा शेजारी लिहायचा, आणि गोदामात जाऊन थप्प्या मोजायच्या. एका थप्पीत किती बॅगा लावायच्या हे गड्याला आधीच ठरवून द्या, म्हणजे मोजणी दहा मिनिटांत होते.