चर्चमध्ये बारक्या मुलांचा आणि घरच्यांचा ग्रुप कसा चालवायचा

शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना बरोबर जमते, पण त्याच्या आतली जी बारकी पोरं असतात ना, दीड-दोन ते पाच वर्षांची, त्यांच्यासाठी बऱ्याच मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) वेगळं असं काहीच नसतं. उपासना दीड-दोन तास चालते, पोरगं रडायला लागलं की आई त्याला कडेवर घेऊन बाहेर, उपदेश तिच्या कानावरच पडत नाही, आणि असे चार-सहा रविवार गेले की ते घर हळूहळू यायचंच थांबतं. हा ग्रुप त्या घरासाठी आहे, म्हणून पहिला नियम पक्का करा, मुलाला सोडून जायचं नाही. आई, बाबा, आजी, आजोबा, काकू, कोणीतरी एक जण मुलाजवळ सतरंजीवर बसणार म्हणजे बसणार. एकदा का "तुम्ही जा, आम्ही बघतो" सुरू झालं की ते पाळणाघर होतं, आणि घरी गोष्ट पुन्हा सांगायला कोणी उरत नाही.

वेळ ठरवताना आपल्या मंडळीतली माणसं कुठे कामाला जातात ते आधी बघा. आपल्या नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी शनिवारी असते, रविवारी तिथे काम चालू, त्यात शिफ्ट बदलत राहतात, मग रविवारी ठेवलं तर फक्त आयाच येणार. शनिवारी संध्याकाळी साडेचार-पाचला ठेवून बघा, मुलांची दुपारची झोप झालेली असते आणि सिडको किंवा नाशिकरोडहून येणारे पण अंधार पडायच्या आत घरी पोचतात. पाऊण तास पुरे, त्याच्यावर एक मिनिट नको. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला आधीच सांगून ठेवा की यात उपदेश नाहीये, आणि पाळक आलेच तर त्यांनी पण खाली मांडी घालून बसायचं, मुलांना ते फार आवडतं!

क्रम दर वेळी तोच ठेवा. आल्या आल्या दहा मिनिटं मोकळं खेळणं (स्टीलचे डबे, झाकणं, लाकडी ठोकळे, महागडं काही आणायची गरज नाही), मग गाणं, मग गोष्ट, हाताने काहीतरी करणं, खाऊ, एक छोटी प्रार्थना आणि घरी. मोठ्यांना वाटतं रोज रोज तेच काय, पण या वयाच्या मुलाला पुढे काय येणार हे माहीत असलं की ते शांत राहतं.

गाणं एकच धरा, दीड-दोन महिने तेच. आणि ते आजीला म्हणू द्या, हे मी मनापासून सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं आपल्याकडच्या कितीतरी आज्यांना तोंडपाठ आहेत, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर आपल्याच भागातल्या, १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, म्हणजे हा ठेवा अगदी घरचा आहे. मोबाईल-स्पीकरवर गाणी लावली की मुलं स्क्रीन शोधायला लागतात. आजीच्या हातात टाळ असला की मुलं तिच्याकडे सरकतात, एखादं तर थेट मांडीत जाऊन बसतं.

गोष्ट चार-पाच मिनिटांची, आणि हातात धरता येईल अशी एक तरी वस्तू हवीच. मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्या, म्हणजे इवल्या दाण्याचं झाड होतं आणि पक्षी त्यावर येऊन राहतात ही येशूने सांगितलेली गोष्ट, बायबलमधल्या मत्तय १३ मधली. प्रत्येक मुलाच्या तळहातावर एकच दाणा ठेवायचा, बोट ओलं करून तो कसा चिकटतो ते दाखवायचं, मुलं श्वास रोखून बघतात (तेवढा वेळ आई-बाबांनी हात धरून ठेवा, कारण दाणा नाकात जायला वेळ लागत नाही). मग चहाच्या कागदी कपाला खाली भोक पाडून माती भरायची, चिमूटभर मोहरी पेरायची, नाव लिहून कप घरी द्यायचा. तीन-चार दिवसांत कोंब येतात, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी कडक असते तेव्हा थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या शनिवारी मुलं कप घेऊन येतात तेव्हा सांगायला त्यांच्याकडेच गोष्ट असते. त्या दिवशी त्यांना आवारातल्या झाडाखाली घेऊन जा आणि फांद्यांवरचे पक्षी दाखवा, दाखल्याचा शेवट तोच आहे, समजावून सांगावं लागत नाही. पाच भाकरी-दोन मासे, म्हणजे येशूने तेवढ्यातच हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट असेल तर खरी भाकरी आणा आणि मुलांनाच मोडून वाटायला लावा.

आता खाऊ. सीझनमध्ये कोणी ना कोणी द्राक्षांची पेटी घेऊन येणारच, नाशिक आहे शेवटी, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकलं तर श्वास बंद होतो. उभे चार तुकडे करून द्या, आडवे कापू नका. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या नकोतच. केळं, मऊ उपमा, पोहे, बिस्किट चालतं. मुलं खाताना बसलेली असावीत, पळत पळत खाणं बंद. आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे का ते पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा.

सुरक्षिततेचं बोलायला लोक लाजतात, "आपलीच माणसं आहेत" म्हणतात, तरी बोला. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको, कायम दोघं. टॉयलेटला मुलाच्या घरचंच माणूस नेणार. फोटो काढायचे तर आधी विचारायचं, व्हॉट्सॲपवर टाकायचे तर वेगळं विचारायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आणि काही वावगं दिसलं तर मंडळीत दाबून ठेवायचं नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलच्या पॉक्सो कायद्यात (२०१२ चा) असा प्रकार कळवणं बंधनकारक आहे.

शेजारपाजारची दुसऱ्या धर्माची मुलं पण खेळायला येतील. येऊ द्या, पण आई-वडील सोबत असतील तरच, आणि इथे येशूच्या गोष्टी सांगतो, प्रार्थना करतो हे त्यांना सरळ आधीच सांगा. मुलांना ओढायला गिफ्ट वगैरे अजिबात नको, लपवाछपवीने विश्वास जातो आणि तो परत मिळवणं फार अवघड असतं.

फी ठेवू नका. खाऊ घरं आळीपाळीने आणतील, कागद-रंगांचा खर्च महिला मंडळाकडे मागा, बहुतेक वेळा हो म्हणतात. एखादं घर दोन शनिवार आलं नाही तर ग्रुपवर मेसेज न टाकता फोन करा, बाळ आजारी असेल, सासूबाई ॲडमिट असतील, नाहीतर नवऱ्याची शिफ्ट बदलली असेल, आणि जमलं तर डबा घेऊन जा.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला एकदम शब्बाथ शाळेत ढकलू नका. तिथल्या शिक्षकांना आधीचा महिनाभर आपल्या सतरंजीवर येऊन बसायला सांगा, म्हणजे जूनमध्ये वर्ग बदलतो तेव्हा चेहरा ओळखीचा असतो आणि मूल स्वतःहून जातं.