दुधाचे दात पडायला लागले की काय करायचं, आणि ती सहाव्या वर्षीची दाढ

पोरगं पहिलीत गेलं की एक दिवस शाळेतून येऊन सांगतं, "माय, मना दात हाली ऱ्हायना." साधारण 6 व्या वर्षी आधी खालचे समोरचे दोन, मग वरचे, असं करत 12-13 पर्यंत सगळे 20 दुधाचे दात पडतात. दोरा बांधून ओढू नका. पोराला जिभेने हलवू द्या, कळण्याची भाकरी, पेरू असं चावायला द्या, आपोआप पडतो. रक्त आलं तर स्वच्छ कापसाचा बोळा 10-15 मिनिटं दाताखाली दाबून धरायला लावा. दात उंदीरमामासाठी धाब्यावर (घराच्या छतावर) फेकायची आपली पद्धत आहे ती पण करा, पोरं जाम खुश होतात.

आता दाढेचं नीट वाचा. त्याच 6 व्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नवीन दाढ येते, वर-खाली मिळून 4, आणि तिच्यासाठी काहीच पडत नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. आमच्या मुलीच्या दाढेत 8 व्या वर्षी काळा खड्डा दिसला, आम्ही सगळे म्हणालो दुधाची आहे, पडेल, आणि जळगावला दाखवलं तेव्हा कळलं की ही तर कायमची! फार वाईट वाटलं. म्हणून मोबाईलचा टॉर्च लावा आणि समोर मधोमधपासून एका बाजूला मोजत जा, पडलेल्याची जागा पण धरा. 6 वा नंबर दिसला की तीच ती. नवीन असताना ती बाकीच्यांपेक्षा खाली असते, ब्रश वरूनच निघून जातो, तर ब्रश आडवा घालून तुम्ही स्वतः घासा, रात्री तर नक्कीच. फ्लोराईडवाली पेस्ट वाटाण्याएवढी. आजीची मिसरी पोरांना अजिबात नको, ती तंबाखू आहे. डेंटिस्टकडे त्या दाढेच्या खाचा भरायला सीलंट मिळतं, दुखत नाही, विचारून घ्या.

आणि दुधाची दाढ किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडू नका. ती 10-12 वर्षांपर्यंत तिच्या जागी येणाऱ्या नव्या दाताची जागा धरून ठेवते, लवकर काढली की शेजारचे दात तिथे सरकतात आणि नवा वाकडा येतो.

नवे दात पिवळसर, कडेला करवतीसारखे, वरच्या दोघांत फट, हे सगळं नॉर्मल आहे, फट बहुतेक वेळा सुळे आल्यावर 11-12 ला भरते. जुना पडायच्या आधीच मागून नवा आला तरी घाबरू नका, 2-3 महिन्यांत जुना नाही पडला तर दाखवा.

खेळताना पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर मात्र घाई करा. मुळाला हात न लावता तोंडात दिसतो त्या पांढऱ्या बाजूने धरा, घासू नका, थंड दुधात टाकून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोचा, तो परत बसू शकतो. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, फक्त दाखवून या.